सूचीकाराचा पगार कोण देणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. बंगाली, आसामी, पाली आणि प्राकृत याही त्याच दिवशी त्या यादीत गेल्या. आपल्याकडे पेढे वाटले गेले, अभिनंदनाचे फलक लागले, आणि तेव्हापासून एक प्रश्न सगळीकडे विचारला जातो आहे: या दर्जामुळे भाषेसाठी जो पैसा येईल, त्याचे करायचे काय? उत्तरे तयारच आहेत. भवन, अध्यासन, महोत्सव, पुरस्कार, स्मरणिका. माझे उत्तर याहून रुक्ष आहे. या पैशातला पहिला वाटा संशोधन मंडळांत बसून पोथ्या, कागद आणि शिलालेख वाचणाऱ्या, त्यांच्या सूच्या करणाऱ्या आणि ग्रंथांचे पाठ नक्की करणाऱ्या माणसांच्या पगाराला गेला पाहिजे, आणि तो निदान दहा वर्षे न चुकता गेला पाहिजे.

दर्जासाठी महाराष्ट्र शासनाने २०१२ साली रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे एकत्र मांडले. असे पुरावे एका समितीच्या कारकिर्दीत तयार होत नाहीत. नाणेघाटातला लेख कुणीतरी आधी वाचलेला असावा लागतो, जुन्या ग्रंथांच्या प्रती कुणीतरी गावोगाव हिंडून जमवलेल्या असाव्या लागतात, त्यांचा काळ कुणीतरी वाद घालून ठरवलेला असावा लागतो. ती कामे शे-दीडशे वर्षांत झाली, बहुतेक वेळा तुटपुंज्या पैशात झाली, आणि त्यातली बरीच विद्यापीठांच्या बाहेर, मंडळे नावाच्या छोट्या संस्थांमधून झाली. दर्जा मिळाल्यावर त्या मंडळांची आठवण भाषणात झाली. अर्थसंकल्पातही व्हावी, एवढेच मागणे आहे.

हे काम नेमके काय असते, हे बाहेर फारसे कुणाला माहीत नसते, म्हणून एक नमुना जवळून पाहू. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याची नोंद त्यांनीच ओवीत करून ठेवली आहे: ‘शके पंधराशें साहोत्तरीं। तारणनामसंवत्सरीं।’ म्हणजे शके १५०६, इसवी सन १५८४. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पण पाठांतरामुळे त्यात शुद्ध-अशुद्ध मिसळले, म्हणून तो शोधून सिद्ध केला, असेही ते पुढे सांगतात. मराठीतल्या संहिता-चिकित्सेची, म्हणजे प्रती ताडून ग्रंथाचा पाठ नक्की करण्याची, याहून जुनी आणि इतकी स्पष्ट कबुली मला माहीत नाही. आता पोथी हातात घेतलेला सूचीकार या ओवीचे काय करतो? तो आधी हिशेब करतो. संवत्सरांची साठ नावे एकामागून एक फिरत येतात, म्हणून शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचे. जी बाकी उरते तो प्रभवापासून मोजलेल्या संवत्सराचा क्रमांक. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, भागल्यावर बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारण. जुळले. असे जुळले नाही, तर शंका सुरू होतात. लेखनिकाचा आकडा चुकला का? की त्याने ज्या जुन्या पोथीवरून नक्कल केली, तिच्यातली अर्धीमुर्धी तारीख तशीच उतरवली? की पुढच्या कुणी पोथी जुनी ठरवण्यासाठी शक मागाहून घातला? पहिली शक्यता निरुपद्रवी असते, दुसरी पोथीचे वय शंभर वर्षांनी बदलू शकते आणि तिसरी एखाद्या सांप्रदायिक वादाचे दार उघडते.

मग तो पत्रे, म्हणजे पोथीची सुटी पाने, मोजतो, एका पत्रावर ओळी किती आणि ओळीत अक्षरे साधारण किती हे लिहितो, पत्र कुठे गहाळ आहे ते तपासतो, कागद आणि शाई बघतो, हस्ताक्षर मध्येच बदलले आहे का हे पाहतो, शेवटची पुष्पिका अक्षर न अक्षर उतरवून घेतो. पुष्पिकेत बहुधा लेखनिकाचे नाव, गाव, तिथी, कुणासाठी पोथी लिहिली ते, आणि ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’ हा ठरीव श्लोक असतो: जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. एका पोथीला कधी तास पुरतो, कधी आठवडा जातो. बाड असेल तर आणखी वेळ, कारण एकाच बाडात अभंग, औषधांचे पाठ, उधारीचे हिशेब आणि एखादे अज्ञात आख्यान सलग बांधलेले असते. घाईत केलेल्या सूचीत अशा बाडापुढे ‘किरकोळ, जीर्ण’ एवढेच दोन शब्द पडतात. त्या दोन शब्दांमागे काय गाडले गेले हे पुढे कुणालाच कळत नाही, कारण सूचीत नसलेला ग्रंथ अभ्यासकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

अशा कामाला घाई चालत नाही आणि टाळ्या मिळत नाहीत. म्हणूनच त्याला संस्था लागते. एकट्या माणसाने हे केले नाही असे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या छापील मराठी ग्रंथांची सूची करून ठेवली. एकोणिसाव्या शतकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आजही तिच्याकडे जावे लागते. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी विद्यापीठाबाहेर राहून, नोकरी सांभाळत, जिल्ह्यातले कोरीव लेख धुंडाळले. हत्तरसंग-कुडलच्या मंदिरातला शके ९४० चा लेख अभ्यासकांपुढे आला तो त्यांच्यामुळे. अशा माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या निष्ठेवर एका भाषेचे संशोधन टांगून ठेवणे हा समाजाचा आळस आहे. त्यांच्यानंतर त्यांच्या टिपणांचे, ठशांचे, वह्यांचे काय होते? घर बदलते, मुले परगावी जातात, कपाट रिकामे करावे लागते. तेव्हा टिपणे घ्यायला दारात कुणी उभे असेल तर ती वाचतात.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांना हे पक्के कळले होते. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध करणारा, जवळजवळ एकट्याच्या पायपिटीवर बावीस खंडांचे काम उभे करणारा हा माणूस १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढे होता. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांसाठी धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांच्या व्युत्पत्त्या पुढे कितीतरी खोडल्या गेल्या, अनुमाने मोडीत निघाली. कागद मात्र राहिले, म्हणून तर खोडता आली. मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या आश्रयाने १९४८ मध्ये मराठी संशोधन मंडळ सुरू झाले. अ. का. प्रियोळकर त्याचे संचालक होते. भारतातल्या मुद्रणाच्या आरंभकाळावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५८ साली या मंडळाने काढला. गोव्यात १५५६ साली आलेल्या छापखान्यापासूनची हकिकत त्यात आहे, आणि हा विषय हाती घेणाऱ्या कुणालाही आजही त्या ग्रंथापासून सुरुवात करावी लागते. एका लहानशा मंडळाकडून एवढे झाले, कारण एक तज्ज्ञ तिथे वर्षानुवर्षे टेबलाशी बसू शकला.

छापलेले टिकते, हस्तलिखित जाते, असे आपण समजतो. गोव्यात आलेल्या इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाच्या बाबतीत उलटे घडले. हे मराठी काव्य १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्या आवृत्त्यांची छापील प्रत आज अभ्यासकांच्या हाती नाही. काव्य आपल्यापर्यंत आले ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमधून, आणि त्या शोधणाऱ्यांमुळे. तेव्हा ‘आता सगळे छापून झाले आहे, शोधायचे काय उरले’ असे म्हणणाऱ्याने थोडे थांबावे.

मंडळे कशाला, विद्यापीठे आहेत ना, हा आक्षेप नेहमी येतो. विद्यापीठे आहेत, आणि त्यांनी मोठी कामे केली आहेत. शं. गो. तुळपुळ्यांचे प्राचीन मराठी कोरीव लेखांचे संपादन पुणे विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी ॲन फेल्डहाउस यांच्यासोबत सिद्ध केलेला जुन्या मराठीचा कोश त्यांच्या मृत्यूनंतर, १९९९ मध्ये आला. पण विद्यापीठाचा मराठी विभाग मुळात शिकवण्यासाठी असतो. तिथल्या प्राध्यापकाच्या वाट्याला तास, परीक्षा, मूल्यांकनाचे तक्ते, समित्या, प्रवेशाचे काम असते. जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांच्या डोक्यावर पुढच्या सत्राची टांगती तलवार. विद्यार्थ्याला पीएच.डी. तीन-चार वर्षांत उरकायची असते. त्यात पंचवीस प्रतींचा ताळा घेऊन पाठभेद नोंदवण्याचा विषय कोणता मार्गदर्शक देईल? दिला तर विद्यार्थ्याचा घात, न दिला तर विषयाचा. विद्यापीठाचे वर्ष जूनला सुरू होते आणि मेला संपते. चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या लीळाचरित्रासारख्या ग्रंथाचे वर्ष असे मोजता येत नाही. म्हाइंभटांनी रिद्धपुरात संकलित केलेली मूळ प्रत हरवली, मग शिष्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, म्हणून त्याचे निरनिराळे पाठ झाले, त्यातल्या पोथ्या सांकेतिक लिपीत. ह. ना. नेने, तुळपुळे, वि. भि. कोलते अशा एकापाठोपाठ एका अभ्यासकाने आयुष्याची वर्षे त्याला दिली. तरी काम संपले असे कुणी जाणता म्हणणार नाही. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. तिथे पदव्यांच्या बरोबरीने पोथ्यांचे काम प्रमुख ठरेल अशी माझी मनापासून इच्छा आहे.

संशोधनाला किती वेळ लागतो याचा अंदाज यावा म्हणून पुण्यातलीच दोन उदाहरणे. दोन्ही संस्कृतची आहेत, पण धडा सगळ्या भाषांना लागू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू केले आणि ते १९६६ साली पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आरंभी एक लाख रुपयांचे पाठबळ दिले होते. मुख्य संपादक सुकथनकर १९४३ मध्ये गेले, काम पुढच्यांनी उचलले. दुसरे, डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाकोश. १९४८ साली हाती घेतलेले हे काम आज इतक्या वर्षांनीही ‘अ’ या अक्षरातच आहे. हे सांगितले की लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ कालक्रमाने, संदर्भासह द्यायचा ठरवले तर एवढा वेळ लागतो, आणि तो देणारी माणसे पिढ्यान् पिढ्या टिकवणे हीच खरी अवघड गोष्ट आहे. तीन वर्षांच्या ‘प्रकल्पा’त यातले काही बसत नाही. आपल्याकडे अनुदान मात्र प्रकल्पालाच मिळते: पहिले वर्ष मंजुरीत जाते, दुसऱ्या वर्षी माणसे नेमून ती शिकेपर्यंत दिवस भरत येतात, आणि तिसऱ्या वर्षी उपयोगिता प्रमाणपत्र सादर करून शिकलेली माणसे घरी जातात. भाषेच्या संशोधनाचे यापेक्षा जास्त नुकसान कशाने होत असेल असे मला वाटत नाही.

हल्ली सगळ्यांचे एकच म्हणणे असते, स्कॅन करून टाका. स्कॅन करावेच. कसर, ओल, आग यांच्यापासून निदान प्रतिमा वाचते, आणि दूर गावचा अभ्यासक घरबसल्या पान पाहू शकतो. पण स्कॅन केलेला कागद वाचलेला नसतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. हे काम प्रचंड, तरी त्या ढिगापुढे मूठभरच. बाकीच्या कागदांच्या प्रतिमा संगणकात घातल्या, तर रुमालाच्या जागी फोल्डर येईल. आत काय आहे ते सांगायला मोडी वाचणारा माणूसच लागेल.

आणि मोडी वाचणे म्हणजे बाराखडी ओळखणे इतके सोपे नाही. लिहिणारा आधी पानभर रेघ ओढून घेतो आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे ओढत जातो. शब्द तुटक नसतात, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. तारीख ‘छ’ लिहून चांद्र महिन्याची दिलेली असते आणि साल अरबी संख्याशब्दांत. ‘खमस सबैन मया व अलफ’ दिसले की वाचणाऱ्याच्या डोक्यात पाच, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७५ हे शुहूर या जुन्या कालगणनेतले साल उभे राहिले पाहिजे, आणि त्यावरून इसवी सन १७७४-७५. नावे आडनावांशिवाय, गावे परगण्यांच्या जुन्या नावांनी. महिनाभराच्या मोडी वर्गात लिपी येते. कागद वाचायला चार-पाच वर्षे जाणत्या माणसाशेजारी बसावे लागते. यंत्रे मोडी वाचू लागतील असे सांगितले जाते, आणि ती थोडीफार वाचू लागतीलही. त्यांना शिकवण्यासाठीसुद्धा आधी माणसाने अचूक वाचलेली हजारो पाने लागतात, आणि यंत्राने वाचलेले बरोबर की चूक हे सांगायलाही तोच माणूस लागतो. आज असे कसलेले वाचक थोडे आहेत, त्यातले पुष्कळ वयस्कर आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसून शिकणाऱ्या तरुणाला महिन्याचा पगार देणारी सोय जवळपास नाहीच. या सगळ्या विषयातली सर्वात तातडीची गोष्ट कोणती, असे मला कुणी विचारले तर मी हीच सांगेन.

मंडळांची बाजू घेताना त्यांचे दोष झाकायचे कारण नाही. पुष्कळ ठिकाणी संग्रह कुलपात आणि किल्ली एकाच माणसाकडे, अशी स्थिती वर्षानुवर्षे चालत आली. ओळख असेल तर पोथी दिसते, नसेल तर ‘सध्या आवराआवर सुरू आहे’. सभासद होण्यासाठी कुणाची तरी शिफारस लागायची. त्याहून गंभीर दोष आहे तो काय जमवायचे या निवडीचा. राजघराणी, सरदार, संत-पंत कवी यांचे कागद शोधण्यात जी जिद्द दाखवली गेली, ती सत्यशोधकांच्या पत्रकांसाठी, आंबेडकरी जलशांच्या वह्यांसाठी, तमाशाच्या फडांवरल्या वगांसाठी, बायकांच्या ओव्यांसाठी दाखवली गेली नाही. य. न. केळकरांनी पोवाडे जमवले, दुर्गाबाई भागवतांनी आणि रा. चिं. ढेऱ्यांनी लोकपरंपरेकडे विद्येची नजर वळवली, हे खरे. तरीही झुकाव राहिलाच. सत्यशोधकी वृत्तपत्र दीनबंधु १८७७ साली निघाले, मुकुंदराव पाटलांचे दीनमित्र नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालले. महाराष्ट्राचा खरा वैचारिक इतिहास या पानांत आहे. अशा सगळ्या नियतकालिकांचे कोणते अंक कुठे आहेत याची एकत्र, विश्वासार्ह सूची करणे हे कोणत्याही मराठी संशोधन मंडळाचे पोथ्यांइतकेच पहिले काम आहे.

वेगळ्या वाटेने काय होऊ शकते हे जात्यावरच्या ओव्यांच्या कामाने दाखवून दिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावागावातल्या बायकांना बरोबर घेऊन ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्या गाणारीच्या नावागावासह वर्गवार लावल्या गेल्या, आणि आज त्या कुणालाही ऐकता-वाचता येतात. यात किल्ली कुणा एकाकडे नाही, आणि ओवी देणारी बाई निनावी नाही. जुन्या मंडळांनी या कामाकडून शिकावे असे पुष्कळ आहे.

बोलींचेही तेच. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ सालचा. नंतर अ. मा. घाटग्यांनी कुडाळी, वारली आणि इतर बोलींच्या पाहणीची पुस्तके केली. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठी बोलींचे ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण केले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. पैसा असा वापरला जातो तेव्हा मला मनापासून बरे वाटते. पण महाराष्ट्राच्या हद्दीत गोंडी, कोरकू, कोलामी, भिली बोलल्या जातात. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला निहाली बोलणारी थोडी माणसे आहेत, आणि त्या भाषेचे जगातल्या कुठल्याही भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. मराठीत या भाषांतले शब्द आहेत आणि त्यांच्यात मराठीचे. मराठीचे संशोधन करणाऱ्या संस्थेने त्यांच्याकडे पाठ फिरवली तर तिचे मराठीविषयीचे ज्ञानही अर्धेच राहील.

मंडळाचे नियतकालिक हा लोकांना सर्वात दुर्लक्ष करण्याजोगा भाग वाटतो, आणि माझ्या मते तोच त्याचा कणा असतो. १९५३ पासूनच्या मराठी संशोधन पत्रिकेचे किंवा धुळ्याच्या ‘संशोधक’चे जुने अंक चाळून पाहा. मोठ्या प्रबंधांइतकीच त्यात छोटी टिपणे मोलाची असतात: अमुक कवीचा काळ वीस वर्षे मागे न्यावा लागेल, अमक्याने वाचलेले शिलालेखातले अक्षर असे नसून तसे आहे. अर्ध्या पानाची दुरुस्ती, पण तिच्यामुळे पुढची दहा पुस्तके चुकायची वाचतात. अशी टिपणे आज कुठे छापायची? मध्यंतरी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य संशोधन-नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली. यादीत नाव आहे का, हाच लेखकाचा पहिला प्रश्न झाला, कारण बढतीचे गुण त्यावर होते. यादीतल्या नावांचा बाजार झाला. शेवटी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच मोडीत काढली. या साऱ्यात दीडदोनशे वर्गणीदारांवर चालणारे, संपादकाने प्रत्येक संदर्भ स्वतः तपासून छापलेले मराठी त्रैमासिक कुणाच्या खिजगणतीत नव्हते. ते बंद पडले तर वृत्तपत्रात दोन ओळी येतात. नवे महाविद्यालय काढता येते, पण चिकित्सेची पन्नास वर्षांची सवय नव्याने काढता येत नाही.

पैशाचे बोलू. मंडळांसाठी वीस पदे धरा: आठ सूचीकार, सहा मोडी आणि इतर लिप्यांचे वाचक, चार संहिता-संपादक, दोन बोली-अभ्यासक. प्रत्येकाला महिना साठ हजार रुपये. वर्षाला एक कोटी चव्वेचाळीस लाख होतात, दहा वर्षांना साडेचौदा कोटींच्या आत. राज्याच्या तिजोरीला ही रक्कम जाणवणारसुद्धा नाही. ती धुळे, नागपूर, पुणे, मुंबई, मराठवाडा, कोकण अशी वाटावी, एका शहरात साठवू नये. बदल्यात मंडळांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. संग्रहाची सूची, जशी होईल तशी, सर्वांना विनामूल्य पाहता यावी. कुणाही अभ्यासकाला, तो कुठल्या जातीचा, संस्थेचा, गटाचा आहे हे न पाहता, नियमाने पोथी पाहायला मिळावी. आणि प्रत्येक ज्येष्ठ वाचकाच्या हाताखाली एक तरुण पगारावर शिकत असावा. या अटी ज्यांना नको असतील त्यांना अनुदानही नको, इतके स्पष्ट असावे.

पैसा सरकारचा आला की लगाम सरकारचा, ही भीती खोटी नाही. लगाम फक्त सरकारचा असतो असेही नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, पोथ्या आणि ग्रंथांची नासधूस झाली. परदेशी अभ्यासकाच्या एका पुस्तकावरचा राग तिथल्या कपाटांवर निघाला. कागद जे सांगतो ते कुणाच्या तरी श्रद्धेला, घराण्याला, पक्षाला किंवा पंथाला बोचणारच. तेव्हा मंडळाच्या संपादकाला शासनाचा दूरध्वनी येता कामा नये आणि त्याच्या दारात झुंडही येता कामा नये. त्यासाठी अनुदान एकरकमी ठेवीच्या रूपात द्यावे, तिच्या व्याजावर पगार चालावेत, आणि नेमणुका विषयातल्या जाणत्यांच्या समितीने कराव्यात. वर्षागणिक हात पसरावा लागणारी संस्था खरे बोलायला कचरते.

आणि थोडा भार आपणही उचलावा. मराठीवर प्रेम आहे असे सांगणारी लाखो माणसे आहेत. त्यातल्या किती जणांनी एखाद्या संशोधन मंडळाची वर्गणी भरली आहे, त्याच्या त्रैमासिकाचा अंक विकत घेतला आहे, घरातले आजोबांचे दप्तर रद्दीत घालण्याआधी मंडळाला दाखवले आहे? ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी ते देऊन टाकावेत असेही मी म्हणत नाही. आधी दाखवावेत, छायाचित्रे घेऊ द्यावीत, सूचीत नोंद होऊ द्यावी, मग हवे तर परत घरी न्यावेत. मात्र ते दप्तर घेऊन गेल्यावर तिथे खुर्चीत कुणी बसलेले हवे, त्याला मोडी वाचता यायला हवी, आणि पुढल्या वर्षी तो तिथे असेल याची त्याला स्वतःला खात्री हवी. येत्या अर्थसंकल्पात मराठीच्या नावापुढे जो आकडा येईल, त्यातली किती रक्कम अशा माणसांच्या पगाराची आहे, हे आपल्या आमदारांना विचारायला आत्तापासून सुरुवात करावी.